परीक्षणातला अमेरिकन

सिंगापूरमध्ये एक मराठी माणूस दुसऱ्याला पहिल्यांदा भेटला की विचारतो, "कुठल्या बँकेत?" नाही म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग जहाजावर?" गणेशोत्सवात आरतीनंतर प्रसादाचा द्रोण हातात धरून मी हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी "नवरा जहाजावर, मी गाण्यात" असं एका दमात सांगून मोकळी व्हायची. "गाण्यात" म्हटलं की समोरच्या बाईचा चेहरा खुलायचा. "अय्या, गाता तुम्ही? मग होऊन जाऊ दे की एखादं!"

मला गाता येत नाही. मी गाणाऱ्यांच्या सीडी पेपरवाल्यांना नेऊन द्यायची, आणि पेपरवाल्यांनी काय लिहिलं ते गाणाऱ्यांना नेऊन द्यायची. कार्डावर हुद्दा भारदस्त होता, पण काम पोस्टमनचं. माझा नवरा मरीन इंजिनियर, तो म्हणायचा, "तुझी नोकरी म्हणजे लोकांना फुकट वस्तू वाटायच्या आणि वर शिव्या खायच्या." तेव्हा राग यायचा. आता निवृत्त झाल्यावर वाटतं, तो फार चुकीचं बोलत नव्हता.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट सांगते आहे. तेव्हा सीडी विकल्या जात होत्या, म्हणजे विकल्या जाणं बंद होत आलं होतं. शनिवार-रविवारी लोक पलीकडे मलेशियात जोहोर बारूला जाऊन नकली सीडी घेऊन येत, आणि तरुण पोरं तेवढाही त्रास घेत नसत, घरबसल्या इंटरनेटवरून उतरवत. तरी आमच्या कंपनीत नियम जुनेच होते. अल्बम बाजारात यायच्या आधी त्याच्या काही प्रती 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का मारून समीक्षकांना द्यायच्या. सोबत एक पानभर माहिती: गायक कोण, कुठला, कोणी काय वाजवलंय. समीक्षकाला कंटाळा आला असेल तर तेच पान थोडं उलटंसुलटं करून छापून यायचं. एका महाशयांनी तर माझी टायपिंगची चूकसुद्धा तशीच छापली होती. मग शेवटी तारे द्यायचे, पाचपैकी. लोक लेख वाचत नाहीत, तारे मोजतात.

माझे स्वतःचे दोन नियम होते, कोणी शिकवलेले नव्हते. पहिला, परीक्षणाला कधी उत्तर द्यायचं नाही, अगदी त्यात धडधडीत चूक असली तरी. दुसरा, वाईट परीक्षण फोनवर कळवायचं नाही. पेपर घ्यायचा, त्या माणसाच्या घरी जायचं, आणि तो वाचत असताना समोर बसायचं. पुष्कळांनी मला त्या वेळी चहा दिला, एकाने दार लावून घेतलं. चालायचंच.

केल्विन हा आमचा गायक. सिंगापुरातल्याच हौगांग वस्तीतला चिनी मुलगा, तिशीतला, जुरोंग आयलंड या कारखान्यांच्या बेटावर टेक्निशियन. पहाटे कंपनीच्या बसने जायचं, गेटवर पास दाखवायचा, संध्याकाळी परत. गिटार घेऊन स्वतःची गाणी म्हणायचा. पहिल्या दोन अल्बमचं समीक्षकांनी कौतुक केलं होतं. 'आपल्या शहराचा आवाज' वगैरे. मुलगा अबोल. त्याच्याबरोबर जेवायला बसलं की मीच बोलायची, आणि मी बोलायची थांबले की तो "हं" म्हणायचा.

त्याने तिसरा अल्बम केला तो 'आयलंड बस'. तो ऐकला आणि माझ्या साहेबांनी कपाळाला हात लावला. कारण तो कंट्रीच्या अंगाने गेला होता. कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतलं गाणं: गुरं, ट्रक, दारू, सोडून गेलेली बायको. साधी चाल, सरळ शब्द, आणि मागे ती स्टील गिटार. आपल्याकडे गणपतीच्या ऑर्केस्ट्रात एखादा माणूस गिटार आडवी ठेवून तारांवरून लोखंडाची कांडी सरकवत जुनी सिनेमाची गाणी वाजवायचा, आठवतं? हवाईयन गिटार म्हणायचो आपण. तिचीच ही सख्खी बहीण. सूर एका जागी थांबत नाही, ओघळतो. आम्ही तरुण पोरांना विकायला बसलेलो, आणि हा काय घेऊन आला!

मला मात्र ती स्टील गिटार ऐकून काहीतरी झालं, हे खरं सांगते. चौथ्या गाण्यात लष्करी छावणीच्या फाटकाशी एक वादक बसलाय. सैनिक निघून गेलेत. त्याला घरी सोडणारी लॉरी येत नाही. एवढंच गाणं. मधे केल्विन गायचा थांबतो आणि स्टील एकटी वाजते. मी ऑफिसात हेडफोन लावून ते तीनदा ऐकलं आणि केल्विनला फोन केला. "हा कोण वाजवतोय? सीडीवर नाव आहे रॉनी वेस्ट. अमेरिकेहून बोलावलास की काय? माहितीच्या पानात लिहायला हवं."

"लिहू नकोस," तो म्हणाला. "माझे वडील आहेत."

मग मी हौगांगला गेले. अंकल रॉनी सत्तरीच्या पुढचे, गंजीफ्रॉक आणि हाफ पँट, एका कानाने कमी ऐकू येणारे. तरुणपणी ब्रिटिश फौजा सिंगापुरात होत्या तेव्हा सैनिकांच्या क्लबांत ते कंट्री वाजवायचे. खरं चिनी नाव एका सार्जंटला उच्चारता येईना, म्हणून त्याने 'रॉनी वेस्ट' करून टाकलं. फौजा गेल्या, क्लब गेले. अंकलनी शिपयार्डात नोकरी धरली आणि स्टील गिटार पेटीत घालून पलंगाखाली सरकवली. ती केल्विनने आत्ता बाहेर काढली होती. हॉलमध्ये चार पायांवर उभी होती. एक पाय आखूड, त्यामुळे वाजवताना डुगडुगायची. अंकल म्हणायचे, पाय बरोबर आहे, सरकारी फ्लॅटची फरशी वाकडी आहे.

"नाव छापा," ते मला म्हणाले, "नातं छापू नका. बरं वाजवलं तर लोक म्हणणार, म्हातारा आहे बिचारा. वाईट वाजवलं तर म्हणणार, पोराने बापाला घुसवलं. दोन्ही नको."

"आणि लॉन्चच्या कार्यक्रमात? स्टेजवर कोण वाजवणार?"

अंकलनी टीपॉयवरच्या पेपरवर बोट ठेवलं. "यात परीक्षणं लिहितो तो जेरेमी. दर शुक्रवारी वाचतो मी त्याला. कोणाची भीडभाड ठेवत नाही. त्याला माझं वाजवणं चाललं, तर बसेन स्टेजवर. नाही चाललं, तर पेटी पुन्हा पलंगाखाली. विषय संपला."

केल्विन खिडकीत उभा होता. मला दारापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "वांडा, हा अल्बम मी कशासाठी केला असं तुला वाटतं? त्यांना एकदा लोकांसमोर बसलेलं बघायचंय मला. मी कधी बघितलेलं नाही." माझं नाव वंदना, पण तिथे सगळ्यांनी वांडा केलं होतं. केल्विनच्या तोंडून मी एका वेळी एवढी वाक्यं पहिल्यांदाच ऐकत होते.

जेरेमीला सीडी द्यायला मी नेहमीसारखी ब्युओना व्हिस्टाच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत गेले. दुपारच्या गर्दीत तिथे जागा मिळवायची एक पद्धत आहे. रिकाम्या खुर्चीवर टिशूपेपरचं छोटं पाकीट ठेवायचं आणि खुशाल जेवण आणायला जायचं. ती जागा तुमची झाली. पाकीट चार आण्याचं, पण मंत्र्याची गाडी आली तरी ते उचलून कोणी बसणार नाही. जेरेमीने माझ्यासाठी असंच एक पाकीट ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. लंडनला शिकलेला, उंच, नीटनेटका, आणि कान इतका तयार की रेकॉर्डिंगमध्ये ड्रमवाला बदलला तर तिसऱ्या ठोक्याला ओळखायचा. गर्वही तेवढाच. सीडीकडे बघून म्हणाला, "कंट्री? इथे कंट्री कोण ऐकतं?" मी म्हटलं, "तू ऐक आणि सांग." माहितीच्या पानात मी एका ओळीत लिहिलं होतं, 'स्टील गिटार: रॉनी वेस्ट.'

शुक्रवारी परीक्षण आलं. पाचपैकी दोन तारे.

बस स्टॉपवर उभ्या उभ्या वाचलं. हौगांगच्या मुलाने काउबॉयची टोपी घातली आहे आणि ती त्याच्या कानांवर उतरते आहे, अशी सुरुवात. मग चौथ्या गाण्यावर घसरला होता. छावणी, लॉरी, निघून गेलेले सैनिक. हे सगळं उसनं दुःख आहे, ज्याचा दिवस एअरकंडिशन्ड बसमध्ये सुरू होतो त्याला याची काय कल्पना? आणि शेवटी, एकच गोष्ट खरी आहे, ती म्हणजे स्टील गिटार. हा रॉनी वेस्ट नक्की कंट्रीचं माहेर असलेल्या नॅशव्हिलकडचा जुना वादक असणार. हे गाणं कशाबद्दल आहे हे अख्ख्या अल्बममध्ये फक्त या अमेरिकन माणसाला कळलं आहे. त्याला याहून बरी संगत मिळायला हवी होती.

मला हसूच आलं. कान शंभर टक्के बरोबर होता माणसाचा! ते गाणं कशाबद्दल आहे हे खरोखर त्या वादकालाच ठाऊक होतं. फक्त तो अमेरिकन नसून चार बस स्टॉप पुढे राहत होता. ही चूक साध्या श्रोत्याने केली नसती. त्याने नुसतं "वा" म्हटलं असतं. ऐकून माणसाचा गाव सांगायची हौस समीक्षकालाच.

साहेबांना तर आनंदाचं भरतं आलं. "आत्ताच्या आत्ता पेपरला फोन कर! अमेरिकन निघाला हौगांगचा अंकल! पहिल्या पानावर येईल!" मी फोनला हात न लावता पेपर घेऊन हौगांगला निघाले.

अंकलनी चष्मा लावून वाचलं. मी वाट बघत होते की 'अमेरिकन'पाशी ते हसतील. ते हसले नाहीत. पुन्हा वरून वाचलं. मग पेपर खाली ठेवून म्हणाले, "मी नाही बसणार."

"अहो अंकल, पण तुमची तर स्तुती केली आहे! तुमचीच अट होती, त्याला चाललं तर..."

"माझ्या पोराला मारायला त्याने माझा दांडका केला," ते म्हणाले. "ही कसली स्तुती? असल्या माणसाची शाबासकी घेऊन मी स्टेजवर चढू?"

केल्विन स्वयंपाकघराच्या दारात होता. त्याचा चेहरा असा उतरला की मला त्याच्याकडे बघवेना. स्वतःच्या दोन ताऱ्यांचं त्याला काही वाटलं नव्हतं. वडिलांच्या त्या एका वाक्याने तो खचला. मी त्याला बाहेर गॅलरीत नेलं आणि साहेबांचं म्हणणं सांगितलं. फोन केला तर जेरेमी नमेल, माफी मागेल, कदाचित अंकलही विरघळतील.

"फोन केलास तर मी लॉन्चला येणार नाही," केल्विन म्हणाला. "सगळे बाबांचा फोटो छापतील. गाणं कोणी ऐकणार नाही. बाबांना तेच नको होतं." मग आत जायला वळला. "स्टील गिटार मात्र स्टेजवर लावायची. मी आणतो."

लॉन्च ठेवला होता हौगांगमधल्याच एका कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. कारण एक तर तो हॉल स्वस्त, आणि दुसरं म्हणजे सिंगापुरात कंट्री कोण ऐकतं या प्रश्नाचं उत्तर तिथे दर शनिवारी जमायचं. लाइन डान्सच्या बायका! साठीच्या पुढच्या आंट्या, चिनी, मलय, एकदोन तमिळ, डोक्यावर काउबॉय टोप्या, पायात बूट, सगळ्या रांगांत उभ्या राहून एकाच वेळी टाच आपटतात, वळतात, टाळी वाजवतात. आपल्याकडे हळदीकुंकवाला जमतात तशा जमतात आणि कंट्रीवर नाचतात. समीक्षकांच्या गावी त्या नव्हत्याच.

सकाळी जेरेमीचा फोन आला होता. "तो अमेरिकन येणार आहे का? मुलाखत घ्यायची आहे."

"स्टील वाजवणाऱ्यांना बोलावलंय," मी म्हटलं. "बसतील की नाही, सांगता येत नाही." यात खोटं काही नव्हतं.

जेरेमी आला आणि मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. अंकलही आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, पण शेवटच्या रांगेत, हाताची घडी. स्टेजवर स्टील गिटार चार पायांवर उभी, मागे रिकामी खुर्ची. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी केल्विन त्या खुर्चीपाशी गेला, खिशातून टिशूचं पाकीट काढलं आणि खुर्चीवर ठेवलं.

आंट्या खो खो हसल्या. एक ओरडली, "ए, ही सीट कोणासाठी धरलीस रे?" केल्विनने गिटार घेतली आणि सुरू झाला. मी अंकलकडे बघितलं. ते मान वळवून खिडकीबाहेर बघत होते.

तीन गाण्यांवर आंट्या नाचल्या. मग चौथं सुरू झालं. ते संथ, त्यावर पाय पडेनात. छावणी, फाटक, लॉरी. मग ती जागा आली, जिथे स्टील एकटी वाजते. केल्विन गायचा थांबला. गिटारीवर तेच दोन स्वरमेळ हळू हळू वाजवत राहिला. एक आवर्तन झालं, दोन झाली. पुढे जाईना. कोणाकडे बघेना. आंट्या जागच्या जागी थांबल्या, टोप्या घालून. सगळा हॉल त्या रिकाम्या खुर्चीकडे बघायला लागला. अशा वेळी संगीताच्या धंद्यातली बाई म्हणून मी काहीतरी करायला हवं होतं, पण काय करणार? आणि तो मुलगा आपला वाजवतोय, दोनच स्वरमेळ, जन्मभर वाजवायची तयारी असल्यासारखा.

अंकल उठले. "हट्टी आहे मेला, लहानपणापासून हट्टी," असं शेजारच्या आंटीला मोठ्याने ऐकवत ते रांगेतून बाहेर पडले आणि स्टेजच्या तीन पायऱ्या चढले. खुर्चीवरचं पाकीट उचललं, शर्टाच्या खिशात टाकलं आणि बसले. कांडी हातात घेतली.

त्यांनी काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही. ते सांगायचं काम जेरेमीचं. मी रडले, एवढं सांगते. केल्विनने वडिलांकडे पाठ केली होती, आणि आंट्यांना वाटलं तो ॲम्प्लिफायर बघतोय.

कार्यक्रम संपल्यावर जेरेमी माझ्याकडे आला. चेहरा पांढरा. "वांडा, हे कोण?"

"रॉनी वेस्ट."

"हे... इथलेच?"

"केल्विनचे वडील."

तो पळून गेला असता तर मी दोष दिला नसता. पण तो स्टेजपाशी गेला, अंकल तारा पुसत होते, त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, "सर, ते परीक्षण मी लिहिलं."

अंकलनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तूच का तो, उसनं दुःख म्हणणारा?"

"हो सर."

"बरोबर लिहिलंस. उसनंच आहे." फडकं खांद्यावर टाकून त्यांनी केल्विनकडे बोट केलं. "माझ्याकडून घेतलंय त्याने. त्या फाटकाशी मी बसलो होतो. सगळा बँड बसला होता. लॉरी आली नाही. चालत घरी आलो आम्ही, वाद्यं डोक्यावर घेऊन. पोराने मला कधी विचारलं नाही की गाऊ का. आणि मी त्याला कधी सांगितलं नाही की गा. पण बापाचं पोराने घेतलं, तर त्याला तू उसनं म्हणतोस?"

"मला माफ करा," जेरेमी म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी पेपरात कोपऱ्यात चार ओळी आल्या. 'गेल्या आठवड्यातील परीक्षणात स्टील गिटारवादक अमेरिकन असल्याचे म्हटले होते. ते सिंगापूरचे रहिवासी आहेत. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' जेरेमीने नातं लिहिलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं त्याला, त्याचं त्यालाच कळलं. त्याबद्दल मला तो माणूस अजून आवडतो.

ही काही वाईट बातमी नव्हती, तरी मी पेपर घेऊन हौगांगला गेले. दार उघडलं तर आत स्टील गिटार हॉलमध्येच उभी. पेटी कुठे दिसेना. अंकल म्हणाले, केल्विनने कचऱ्यात टाकली, मला न विचारता. दर शनिवारी आंट्यांच्या वर्गाला वाजवायचं ठरलंय. त्या फार वेगात नाचतात, सूर ओघळायला वेळच देत नाहीत, अशी तक्रारही लगेच ऐकवली. अल्बम फारसा विकला गेला नाही. आमची कंपनीच पुढे उरली नाही, आणि माझी नोकरीही. पण ते सगळं नंतर.

त्या दिवशी अंकलनी चष्मा लावून त्या चार ओळी वाचल्या. मग पान उलटून बघितलं, पुढे आणखी काही आहे का.

"माझा देश दुरुस्त केला," ते म्हणाले. "पोराचे तारे?"

"तारे बदलत नाहीत, अंकल. तशी पद्धतच नाही आमच्यात."

"दोनच?"

"दोनच."

अंकलनी मान डोलावली. पेपरची घडी घातली, मग तिची पुन्हा घडी, मग पुन्हा, चांगली जाड. गुडघ्यावर हात ठेवत खाली वाकले आणि ती घडी गिटारीच्या आखूड पायाखाली सारली. वरून दाबून बघितलं. डुगडुग थांबली होती.

"फरशीच वाकडी आहे," ते म्हणाले, आणि कांडी हातात घेतली.